ब्रिटिश रणगाड्यांचीं धूरसाधनें : एक प्रमाणविचार

ब्रिटिश रणगाड्याची प्रतिकृति करणारास धूर सोडण्याच्या साधनाचा तपशील क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु रणगाड्याचा प्रकार व काळ ठरविण्यास तोच पुष्कळदां उपयोगी पडतो. हा तपशील कोणत्या प्रमाणावरून घ्यावा, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारासाठीं घेतला आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. दुसऱ्या महायुद्धाच्या (१९३९-४५) पूर्वार्धांतील माटिल्डा, व्हॅलेंटाइन, क्रुसेडर इत्यादि रणगाड्यांच्या बुरुजास बाहेरून ४ इंची धूरनळ्या बसवीत. दुसऱ्या प्रकारच्या माटिल्डाच्या बुरुजास उजव्या अंगास अशा दोन नळ्या असत. त्यांच्या बुडाशीं ली-एनफील्ड बंदुकीचा चाप-खटक्याचा भाग तोडून जोडलेला असे. नळ्या बाहेर असल्यामुळें त्या पुन्हा भरण्यास सैनिकास चिलखताच्या आश्रयाबाहेर यावें लागे. पुढें २ इंची धूरगोळे फेकणारी लहान उखळी बुरुजाच्या छतांत बसविण्यांत आली. ती आंतूनच भरतां येई. चर्चिल, क्रॉमवेल व कॉमेट ह्यांवर ती आढळते. युद्धोत्तर सेंच्युरियनवर बुरुजाच्या दोन्ही अंगांस सहा-सहा नळ्यांचे जुडगे आले.

आतां प्रमाणें. अधिकृत पुस्तिका सरकारी योजना सांगते. अमुक दिवशीं अमुक रणगाड्यावर काय होतें, हें सांगत नाहीं. तत्कालीन छायाचित्र तें सांगतें, पण दिसणाऱ्या बाजूपुरतेंच. डाव्या अंगाचें छायाचित्र उजव्या अंगाविषयीं मूक असतें. त्या मौनावरून नळीचा अभाव सिद्ध होत नाहीं. शिवाय कांच उलटी ठेवून छापलेल्या चित्रांत उजवी नळी डावीकडे जाते. अशा वेळीं रणगाड्यावरील अंक व अक्षरें सुलटीं आहेत कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

तिसरें प्रमाण अवशिष्ट रणगाड्याचें. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयांत ब्रिटिश रणगाडे जवळून पाहतां येतात. परंतु कोणताहि जुना रणगाडा हा अनेक हातांतून गेलेल्या पोथीसारखा असतो : कांहीं पत्रें गहाळ, कांहीं प्रक्षिप्त. युद्धानंतर काढलेला अथवा नवा बसविलेला भाग मूळचा समजूं नये. मोजमापास मात्र त्याच्यासारखें साधन नाहीं. ४ इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर, पस्तिसांश प्रमाणांत ते सुमारें २.९ भरतात. २ इंचांचे १.४५ होतात. हीं मापें नळीच्या पोकळीचीं आहेत. बाहेरचा व्यास धातूच्या जाडीइतका अधिक धरावा लागतो.

सारांश, नळी होती कीं नाहीं हें दिनांकित छायाचित्रावरून, तिचें माप अवशेषावरून व तिचें कार्य पुस्तिकेवरून ठरवावें. जेथें तिन्हीं मूक असतील, तेथें तर्कानें केलेला भाग तसा आहे हें प्रतिकृतीच्या पट्टीवर स्पष्ट लिहावें. कारण आजची प्रतिकृति उद्यांच्या अभ्यासकास साधन वाटूं लागते, आणि एका नकलेंतील चूक पुढच्या दहा नकलांत उतरते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं.