हायड्रोजन : इंधन की ऊर्जेचा वाहक?

हायड्रोजन हे विश्वात सर्वाधिक प्रमाणात आढळणारे आणि सर्वांत हलके मूलद्रव्य होय. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये या वायूचे गुणधर्म नोंदविले. पुढे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी त्याला ‘पाणी निर्माण करणारा’ या अर्थाचे नाव दिले. मराठीतील ‘उद्‌जन’ हा जुना शब्दही त्याच अर्थाचा आहे. हायड्रोजनचे ज्वलन झाले असता धूर किंवा कार्बन डायऑक्साइड निर्माण होत नाही, पाण्याची वाफ तयार होते. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट विजेइतकी ऊर्जा असते, तर एक किलो पेट्रोलमध्ये ती सुमारे १२ युनिट इतकीच असते. त्यामुळे या वायूकडे भविष्यातील इंधन म्हणून पाहिले जाते.

तथापि पृथ्वीवर हायड्रोजन मुक्त स्थितीत फारच थोडा सापडतो. पाणी, नैसर्गिक वायू किंवा वनस्पतिजन्य पदार्थ यांपासून तो वेगळा करावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. म्हणूनच तो कोळशासारखा ऊर्जेचा मूळ स्रोत नसून विजेसारखा ऊर्जेचा वाहक आहे. तो किती स्वच्छ आणि किती स्वस्त, हे तो कशापासून आणि कोणत्या ऊर्जेच्या साह्याने मिळविला यावर ठरते.

युरियाच्या गोणीतील हायड्रोजन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात अहिल्यानगर-पाथर्डी मार्गावर तिसगाव आहे. अशा गावातील शेतकऱ्याला हायड्रोजन हा दूरच्या प्रयोगशाळेतील विषय वाटेल, परंतु युरियाच्या रूपाने तो त्याच्या बांधापर्यंत केव्हाच पोहोचला आहे. हायड्रोजन व हवेतील नायट्रोजन यांच्या संयोगातून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया तयार होतो. युरियाच्या वजनाच्या हिशेबाने त्याच्या निर्मितीसाठी सुमारे १० टक्के हायड्रोजन लागतो. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीमागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन खर्च होतो.

राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या तुर्भे (ट्रॉम्बे) आणि अलिबागनजीकच्या थळ येथील कारखान्यांत युरिया तयार होतो व त्यासाठी नैसर्गिक वायू वापरला जातो. या पद्धतीत निकेल उत्प्रेरकाच्या सान्निध्यात नैसर्गिक वायूवर अतितप्त वाफेची क्रिया घडवून हायड्रोजन मिळवितात. ही पद्धत स्वस्त आहे, पण तीत एक किलो हायड्रोजनमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. अशा हायड्रोजनला ‘करडा’ हायड्रोजन म्हणतात. जगात दरवर्षी सुमारे साडेनऊ कोटी टनांहून अधिक हायड्रोजन वापरला जातो. त्याचा बहुतांश भाग नैसर्गिक वायू, कोळसा यांसारख्या खनिज इंधनांपासूनच येतो.

पाण्यापासून हायड्रोजन

पाण्यातून विद्युत्प्रवाह सोडल्यास त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे विघटन होते. हा प्रयोग इंग्लंडमध्ये निकोल्सन व कार्लाइल यांनी १८०० मध्ये केला. यासाठी लागणारी वीज सौर, पवन यांसारख्या स्रोतांपासून मिळविली असेल तर तयार होणाऱ्या वायूला ‘हरित हायड्रोजन’ म्हणतात.

पाथर्डीसारख्या दुष्काळप्रवण तालुक्यात पहिला प्रश्न पाण्याचाच निघणार. रासायनिक हिशेबाने एक किलो हायड्रोजनसाठी नऊ लिटर पाणी लागते. शुद्धीकरण व यंत्रांचे शीतकरण धरल्यास ही गरज साधारणपणे २० ते ३० लिटरपर्यंत जाते. म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरमधून सुमारे ३३० ते ५०० किलो हायड्रोजन मिळू शकेल. याउलट एक हेक्टर उसाला हंगामभरात दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागते. अर्थात पाण्याची ही गरज उसाच्या तुलनेत अल्प असली तरी उन्हाळ्यात, पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागते अशा गावात, कारखान्याचे पाणी कोठून येणार हे आधी ठरवावेच लागेल.

खरी अडचण विजेची आहे. एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात सुपे परिसरातील कवड्या डोंगरावर, तसेच खंडके येथे पवनचक्क्या आहेत. ८०० किलोवॉट क्षमतेची एक पवनचक्की वर्षभर सरासरी २० टक्के क्षमतेने चालली, तर सुमारे १४ लाख युनिट वीज मिळते. तेवढ्या विजेतून सुमारे २५ टन हायड्रोजन व त्यापासून साधारण साडेपाच हजार गोणी युरिया होऊ शकेल. मात्र युरियासाठी कार्बन डायऑक्साइडही लागतो. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कारखान्यात तो आपोआप मिळतो, हरित पद्धतीत तो अन्य ठिकाणाहून आणावा लागतो.

पिकांच्या अवशेषांपासून

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी कंपनीच्या सहकार्याने भात, गहू, मका यांच्या अवशेषांपासून हायड्रोजन मिळविण्याचे तंत्र विकसित केले आहे. यात खास निवडलेल्या जीवाणूंचा समूह प्राणवायूविरहित स्थितीत अवशेषांचे विघटन करतो. पहिल्या टप्प्यात हायड्रोजन व दुसऱ्या टप्प्यात मिथेन मिळतो. या मिथेनपासूनही हायड्रोजन काढता येतो. शेतकऱ्याला यातून जोडउत्पन्न मिळू शकते. पण दुष्काळात कडबा व सरमाड हाच जनावरांचा आधार असतो. साखर कारखान्यांत उसाचा चोथा बॉयलरमध्ये जाळला जातो. त्यामुळे पिकांचे सर्वच अवशेष टाकाऊ आहेत असे गृहीत धरता येत नाही.

वाहनांतील उपयोग

हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज निर्माण करणाऱ्या साधनास इंधनघट म्हणतात. त्याची कल्पना विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास मांडली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी यांनी इंधनघटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वदेशी बनावटीच्या इंधनघटावरील बसचे पुण्यात अनावरण झाले.

हायड्रोजन साठविणे मात्र सोपे नाही. सामान्य दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे ११ घनमीटर जागा व्यापतो. म्हणून वाहनात तो ३५० ते ७०० पट वातावरणीय दाबाखाली भरावा लागतो. द्रवरूप करावयाचा तर तो उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असल्यास तो पेट घेऊ शकतो व त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे गळती ओळखणारी साधने व वायुवीजन अत्यावश्यक ठरते.

धोरणे आणि मर्यादा

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत दरवर्षी किमान ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्मितीची क्षमता उभारणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद असलेले हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. त्या वेळी राज्याची हायड्रोजनची वार्षिक गरज सुमारे ५.२ लाख टन होती.

पाण्यापासून हायड्रोजन बनविणे व पुन्हा त्याची वीज करणे यात मोठी घट होते. १०० युनिट वीज खर्च केल्यास अखेरीस साधारण ३० युनिट हाती येते. त्यामुळे तिसगावच्या विहिरीवरील पंपासाठी सौर वीज थेट वापरणेच शहाणपणाचे. खत कारखाने, तेलशुद्धीकरण, पोलाद उद्योग अशा ठिकाणी मात्र केवळ विजेने काम भागत नाही. तेथे हरित हायड्रोजनला खरा वाव आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा पहिला लाभ घरच्या चुलीत किंवा मोटारीत नव्हे, तर आयात नैसर्गिक वायूवर कमी अवलंबून असलेल्या खताच्या रूपाने मिळण्याची शक्यता अधिक आहे.