थंडीत नवजात पिल्लांना आधी ऊब, मग दूध

नवी दिल्ली : उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत धुके आणि शीतलहरीचा जोर वाढतो, त्याच सुमारास गल्लीबोळांत, जिन्यांखाली आणि बांधकामांच्या आडोशाला भटक्या कुत्र्यांची नवजात पिल्ले दिसू लागतात. भटक्या कुत्र्यांच्या मिलनाचा मुख्य हंगाम साधारणपणे पावसाळ्याच्या अखेरीस येतो. गर्भधारणेचा काळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने अनेक पिल्लांचा जन्म ऐन थंडीत होतो. त्यांच्या मदतीला धावून जाणारे नागरिक बहुधा दुधाची वाटी घेऊन जातात. मात्र, गारठलेल्या पिल्लाला पाजलेले दूध त्याच्या जिवावर बेतू शकते. अशा पिल्लाला पहिली गरज असते ती उबेची.

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार, मैदानी प्रदेशात किमान तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेल्यास शीतलहर आणि २ अंश किंवा त्याखाली गेल्यास तीव्र शीतलहर मानली जाते. नवजात पिल्लासाठी धोक्याची पातळी याहून फार वर आहे. पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवतालचे तापमान २९ ते ३२ अंश असावे लागते. त्यामुळे दिल्ली, अमृतसर किंवा नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या कडाक्याच्या थंडीतच नव्हे, तर मुंबई-पणजीतील २० अंशांच्या रात्रीही आईपासून दुरावलेले पिल्लू गारठू शकते.

पिल्लू का गारठते?

प्रौढ कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. पहिल्या आठवड्यातील पिल्लाचे तापमान मात्र ३५ ते ३७.२ अंश, म्हणजे ९५ ते ९९ अंश फॅरनहाइट इतकेच असते. जन्मानंतरचे सुमारे सहा दिवस पिल्लाला थंडीने कुडकुडता येत नाही. स्नायूंच्या कंपनातून उष्णता निर्माण करण्याची ही क्षमता नंतर विकसित होते. शरीरात चरबीचा साठा अत्यल्प असतो आणि वजनाच्या तुलनेत त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने उष्णता वेगाने बाहेर पडते. डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात, तोपर्यंत पिल्लू उबेच्या दिशेने जेमतेम सरपटू शकते. त्यामुळे आईचे अंग आणि भावंडांचा ढीग हीच त्याची उबेची मुख्य साधने असतात.

शरीराचे तापमान सुमारे ३४.५ अंशांच्या (९४ अंश फॅरनहाइट) खाली घसरले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि पुढे थांबते. पोटात गेलेले दूध पचत नाही. चोखण्याची व गिळण्याची शक्ती क्षीण झाल्याने दूध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसांचा संसर्ग होण्याची भीती असते. हृदयाची गतीही मंदावते. गार पडलेल्या पिल्लाला आई अनेकदा बाजूला सारते. श्वानांमधील हर्पिस विषाणूची वाढही शरीराच्या कमी तापमानात अधिक होते आणि हा संसर्ग नवजात पिल्लांसाठी प्राणघातक ठरू शकतो.

धोका कसा ओळखावा?

पुरेशी ऊब मिळालेली पिल्ले एकमेकांना बिलगून शांत झोपतात. ती एकमेकांवर चढून दाटीने ढीग करत असतील आणि सतत केकाटत असतील, तर जागा थंड आहे असे समजावे. ती परस्परांपासून दूर पसरली असतील आणि आई धापा टाकत असेल, तर उष्णता जास्त झाली आहे. पिल्लाचे ओरडणे थांबणे, अंग ढिले पडणे, हिरड्या फिकट होणे आणि तोंडाचा आतील भाग बोटाला गार लागणे ही गंभीर लक्षणे आहेत. अशा पिल्लाला तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे आणि वाटेतही उबेत ठेवावे.

निवारा कसा असावा?

जमिनीतून येणारा गारवा, वाऱ्याचा झोत आणि ओलावा या तिन्ही गोष्टी रोखणारा निवारा हवा. पुठ्ठ्याचे किंवा लाकडाचे खोके विटांवर अथवा फळीवर ठेवून जमिनीपासून उंच करावे. आईला अंग ताणून आडवे होता येईल इतकी जागा असावी आणि तोंड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला असावे. वरून ताडपत्री किंवा प्लास्टिक टाकावे, मात्र हवा खेळती राहील याची काळजी घ्यावी. तळाशी वर्तमानपत्राचे जाड थर आणि त्यावर कोरडे गोणपाट किंवा भाताचा पेंढा अंथरावा. ओली चादर सुक्या जमिनीपेक्षाही घातक असते. त्यामुळे अंथरूण रोज तपासून बदलावे. नवजात पिल्लांना स्वेटर किंवा कपडे घालू नयेत. ते ओले होतात आणि आईला पिल्लाला चाटून स्वच्छ करता येत नाही.

घरात किंवा आवारात पिल्ले असल्यास गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असल्यास पिल्लांना अतिउष्णतेपासून दूर सरकता येते. बाटली निवल्यावर ती उलट पिल्लांच्या अंगातील उष्णता शोषून घेते, म्हणून तिचे पाणी वेळोवेळी बदलावे. दिव्याची ऊब द्यायची असेल, तर तारेचा जुन्या पद्धतीचा बल्ब लागतो. एलईडी दिव्यातून पुरेशी ऊब मिळत नाही. बल्ब पिल्लांपासून आणि पेंढ्यापासून सुरक्षित उंचीवर असावा. बंद जागेत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये, कारण तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड माणसांच्या आणि प्राण्यांच्याही जिवावर उठतो.

भोवतालचे तापमान दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २६ ते २९ अंशांपर्यंत आणि चौथ्या आठवड्यात सुमारे २४ अंशांपर्यंत हळूहळू कमी करता येते.

गारठलेल्या पिल्लावर उपचार

पिल्लू ओले असल्यास प्रथम मऊ कापडाने पूर्ण कोरडे करावे. त्यानंतर छातीशी धरून वरून शाल किंवा ब्लँकेट पांघरावे. माणसाच्या अंगाची ऊब सौम्य आणि सुरक्षित असते. पिल्लाला दोन ते तीन तासांत सावकाश गरम करावे. गरम पाण्यात बुडवणे, हीटरसमोर धरणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राचा झोत मारणे टाळावे. एकाएकी मिळालेल्या उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या पसरून प्रकृती आणखी ढासळू शकते, शिवाय कोवळी त्वचाही भाजते. पिल्लू हालचाल करू लागले, तोंडाचा आतील भाग कोमट लागला आणि ते बोट चोखू लागले की मगच त्याला आईजवळ ठेवावे.

जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत आईचा चीक पोटात जाणे महत्त्वाचे असते, कारण त्यातून रोगप्रतिकारक घटक मिळतात. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून अधिक प्रथिने आणि स्निग्धांश असतात. त्यामुळे गाईचे किंवा म्हशीचे दूध हा योग्य पर्याय नव्हे. आई नसल्यास पिल्लांसाठीचे तयार दूध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. ते पाजताना पिल्लाला माणसाच्या बाळाप्रमाणे उताणे न धरता पोटावर ठेवावे. आई असल्यास आहार तिलाच द्यावा. भात, उकडलेली अंडी किंवा हाडे काढलेले शिजवलेले मांस आणि स्वच्छ कोमट पाणी तिला मिळाले, तर पिल्लांचेही पोषण होते.

पिल्ले उचलण्याची घाई नको

कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील डॉ. अनिंदिता भद्रा यांच्या गटाने पश्चिम बंगालमधील भटक्या कुत्र्यांचा अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, ३६४ पिल्लांपैकी केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत जगली. नोंदविलेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंमागे मानवी कारणे होती. आई अन्नाच्या शोधात गेली असताना पिल्ले अनाथ समजून उचलली, तर त्यांची सर्वांत खात्रीची ऊब हिरावली जाते. पिल्ले कोरडी, उबदार आणि शांत असतील, तर दुरूनच आईची वाट पाहावी.

व्यालेली कुत्री पिल्लांच्या रक्षणासाठी आक्रमक होऊ शकते. तिला रोज खाऊ घालणाऱ्या व्यक्तीनेच जवळ जावे आणि आधी तिच्यापुढे अन्न ठेवावे. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम १५ मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी व रेबीजच्या लसीसाठी त्वरित रुग्णालय गाठावे.

साधारण चार आठवड्यांनंतर पिल्ले शरीराचे तापमान बऱ्याच अंशी स्वतः राखू लागतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात त्यांचे पहिले लसीकरण करता येते. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. मिलनाच्या हंगामापूर्वी ही मोहीम पूर्ण झाल्यास कडाक्याच्या थंडीत उघड्यावर जन्माला येणाऱ्या पिल्लांची संख्याही कमी होऊ शकते.