दिनविशेष : २ ऑक्टोबर
चहासम्राट थॉमस लिप्टन यांचे निधन (१९३१)

ब्रिटिश उद्योजक सर थॉमस लिप्टन यांचे आजच्या दिवशी निधन झाले. ग्लासगोतील एका गरीब आयरिश दांपत्याच्या या मुलाने किशोरवयातच अमेरिका गाठून मिळेल ते काम केले. मायदेशी परतून १८७१ मध्ये त्यांनी ग्लासगोत स्वतःचे किराणा दुकान थाटले. भन्नाट जाहिरातींच्या जोरावर त्याच्या शाखा ब्रिटनभर पसरल्या.

सिलोनमधील कॉफीचे मळे तांबेरा रोगाने उद्‌ध्वस्त झाले होते आणि तेथे चहाची लागवड वाढत होती. १८९० मध्ये लिप्टन यांनी तेथील मळे विकत घेतले आणि दलालांना वगळून चहा थेट आपल्या दुकानांत आणला. सुट्या चहाऐवजी ठरावीक वजनाची बंद पाकिटे त्यांनी स्वस्तात विकली. त्यामुळे श्रीमंती थाटाचा चहा कामगारांच्या घरीही परवडू लागला. १८९८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

‘अमेरिकाज कप’ ही नौकाशर्यत जिंकण्यासाठी १८९९ ते १९३० या काळात त्यांनी ‘शॅमरॉक’ नावाच्या नौका पाच वेळा उतरवल्या. मात्र करंडक हाती आला नाही. अविवाहित लिप्टन यांनी संपत्तीचा मोठा भाग ग्लासगो शहराला दिला.