वाटाड्याचा मुक्काम हँडलवर

पावसाळी शनिवार-रविवारी पुण्याहून भीमाशंकरकडे किंवा माळशेजकडे निघालेल्या मोटारसायकली अवसरी घाट उतरून मंचरच्या दिशेने जाताना दिसतात. नव्या गाड्यांच्या हँडलमागे आता काट्याच्या घड्याळाऐवजी उजळ पडदा असतो. वेग, फोन, गाणी आणि वाट, सगळे त्याच्यावरच दिसते. त्या पडद्याबद्दलच्या तक्रारीही आता ठरून गेल्या आहेत. हातमोजा घातला की बोट लागत नाही, पाऊस पडला की ते नको तिथे लागते, दुपारच्या उन्हात काही दिसत नाही आणि फोनशी झालेली जोडणी नेमकी फाट्यावर तुटते. त्यातून इथे अवसरी दोन, खुर्द आणि बुद्रुक. रोमन लिपीत हे नाव कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे निघालेला नवखा बुद्रुकात जाऊन पोचला, तर नवल नाही. वाट दाखवण्याचे काम या पडद्याकडे कसे आले हे पाहायचे, तर आपल्याला याच मुलखात दोन हजार वर्षे मागे जावे लागते.

अवसरीहून उत्तरेला जुन्नर आणि जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल याच घाटाने देशावर चढत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा, आजही तिथे उभा आहे आणि लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, ज्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात मोजले जातात. त्या लेखात गायी, घोडे आणि कार्षापण नाणी मोजलेली आहेत. वाटेचे अंतर मात्र कोणी मोजलेले नाही. तसे अंतर आपल्याला सापडते इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये. त्याच्या अनामिक ग्रीक लेखकाने भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणपासून पूर्वेला तेर दहा दिवसांवर असल्याचे नोंदवले. पडदा आज जे ‘पोचण्याची वेळ’ म्हणून दाखवतो, ते हेच माप. पुढे चौदाव्या शतकात महानुभाव पंथीयांनी ‘स्थानपोथी’ रचली. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले ती स्थाने भाविकाला पुन्हा सापडावीत म्हणून गावाची कोणती बाजू, देवळाची कोणती दिशा, हे सारे तिच्यात लिहून ठेवले आहे. वाट दाखवण्यासाठी लिहिलेला मराठीतला इतका जुना मजकूर आपल्या हाती आहे, तरी प्रवासाच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच निघते.

पोथी थोड्यांकडे. बाकीच्यांना वाटाड्या लागे. हा वाटाड्या कोण होता, हे सहसा सांगितले जात नाही. गावगाड्यात शिवेची माहिती ठेवणे, टपाल पुढच्या गावी पोचवणे आणि आलेल्या अंमलदाराला शिवेपर्यंत वाट दाखवत नेणे ही महार वतनदाराची कामे होती. रात्र असो की पाऊस, हाक आली की निघायचे. मोबदल्यात तुटपुंजी वतनजमीन आणि बलुते. मुलखाचे सर्वांत नेमके ज्ञान ज्यांच्याजवळ होते, त्यांनाच गावकुसाबाहेर ठेवले होते. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था कागदावर पक्की केली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात तिच्याविरुद्ध विधेयक आणले, आणि कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. वाट दाखवण्याचे काम माणसाकडून दगडाकडे आणि यंत्राकडे गेले, याची हळहळ करणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

दगड आला तो इंग्रजी सडकांबरोबर. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीला हात घातला आणि त्या जाळ्यावर पुढे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे रेखले गेले. सडकेच्या कडेला मैलाचे दगड बसले. स्वतंत्र भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली, मैलाचे किलोमीटर झाले आणि दगडांच्या डोक्यांना रंग मिळाले. राष्ट्रीय महामार्गाला पिवळा, राज्य मार्गाला हिरवा. दरम्यान १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि खेडोपाडीच्या माणसाला बसच्या पाटीवरचे ‘मार्गे’ हे नवे दिशादर्शन मिळाले. या पाटीमागे बसलेला चालक रस्ता रोज पाहणारा असतो, हे अवसरीच्या आंबेगाव तालुक्याइतके कोणाला ठाऊक नसेल. ३० जुलै २०१४ रोजी तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले, तेव्हा गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आले ते तिथे पोचलेल्या एसटीच्या चालकाच्या. त्या सकाळी प्रत्येक नकाशात माळीण होतेच.

आता आपण यंत्राकडे वळू. वाहनावर नकाशा चढवण्याचा खटाटोप मोटारीइतकाच जुना आहे. १९०९ मध्ये अमेरिकेत जोन्स यांचा ‘लाइव्ह मॅप’ निघाला. काचेखाली कागदी तबकडी, तिची दोरी चाकाला जोडलेली. चाक जसे फिरेल तशी तबकडी सरके आणि पुढचे वळण काट्याखाली येई. एक वाट संपली की तबकडी बदलायची. विसाच्या दशकात इंग्लंडमध्ये मनगटावर बांधायची नकाशाची गुंडाळी विकली गेली. रॅलीतले मोटारसायकलस्वार हँडलवर कागदाची गुंडाळी लावून चालू लागले, आणि डकार रॅलीत हा प्रकार अगदी अलीकडेपर्यंत टिकला. १९८१ मध्ये होंडाने ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ आणला. उपग्रहाची मदत नव्हती. गाडी किती वळली हे जायरोस्कोप सांगे आणि छोट्या पडद्यापुढे पारदर्शक नकाशा हाताने सरकवावा लागे. १९८५ च्या ‘इटॅक’मध्ये नकाशा कॅसेटवर होता. ही सगळी साधने बोजड होती, बाजारात फारशी चालली नाहीत, पण तबकडी, गुंडाळी, कॅसेट यांत एक गोष्ट समान होती. नकाशा वाहनापासून सुटा होता. तो जुना झाला की नवा घालता येई.

आपल्याकडच्या बुलेटस्वाराचा नकाशाही सुटाच होता. टाकीवरच्या पिशवीच्या पारदर्शक खणात घडी घालून ठेवलेला आणि पावसात भिजून लगदा होणारा. रॉयल एनफील्ड १९९४ पासून ज्या आयशर समूहाकडे आहे, त्याच समूहाने पुढे कागदी शहर-नकाशेही छापले. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतातली मुद्दाम घातलेली खोट काढून टाकली, आणि शंभर मीटरपर्यंत भरकटणारा ठिपका रस्त्यावर आला. २००५ मध्ये गूगल मॅप्स सुरू झाले. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने दुचाकींसाठी वेगळा पर्याय दिला, तो जगात सर्वप्रथम भारतात. फोन हँडलवर चढला. मग हँडलची थरथर त्याला बाधू लागली. जोरदार इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते, असा इशारा अॅपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला.

फोनचे हे हाल पाहता पडदा गाडीतच जडवावा ही कल्पना सयुक्तिकच वाटते. होंडाच्या ‘गोल्डविंग’मध्ये २००६ च्या मॉडेलपासून कारखान्यातूनच जीपीएस मिळू लागले. २०१८ च्या नव्या ‘गोल्डविंग’मध्ये फोनचा नकाशा पडद्यावर आणणारे अॅपलचे कारप्ले आले, मोटारसायकलवर पहिल्यांदाच. पण ते चालवायला फोन तारेने जोडा आणि वर हेडसेटही चालू ठेवा, अशी अट निघाली. लाखो रुपयांच्या गाडीचा स्वार एक बाण पाहण्यासाठी वायर खुपसत बसला! आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये रॉयल एनफील्डच्या ‘मीटिऑर ३५०’ बरोबर ‘ट्रिपर’ आला, रुपयाच्या नाण्यासारखा गोल, फक्त बाण आणि अंतर सांगणारा. माझ्या मते या साऱ्या प्रवासातला तो सर्वांत शहाणा टप्पा होता, कारण स्वाराला बाणापलीकडे फारसे काही लागत नाही. मात्र तो चालायचा कंपनीच्याच अॅपवर, आणि २०२२ मध्ये चिपांच्या टंचाईमुळे काही गाड्यांवर त्याला मूळ सामग्रीतून काढून ऐच्छिक करावे लागले. नोव्हेंबर २०२३ च्या नव्या ‘हिमालयन’वर अख्खा नकाशा दाखवणारा चार इंची गोल पडदा आला. अॅप मात्र पुन्हा कंपनीचेच.

तक्रारींचे मूळ इथे आहे. खासगी मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते, चांगली गाडी त्याहून जास्त चालते. फोन चार-पाच वर्षांत बदलतो आणि रस्ता त्याहूनही लवकर. पुणे–नाशिक महामार्गाचेच पाहा. खेड, मंचर, नारायणगाव या गावांबाहेरून बाह्यवळणे झाली, महामार्गाचा क्रमांक पन्नासचा साठ झाला. पंधरा वर्षांच्या वस्तूत पाच वर्षांची वस्तू पक्की बसवली की गाडीच्या शेवटच्या दहा वर्षांत ती फक्त उजेड देते. जोन्सच्या तबकडीला हा रोग नव्हता. शिवाय फोनवर विसंबलेला पडदा फोनइतकाच आंधळा असतो. डिंभ्याच्या पुढे भीमाशंकरकडे रेंज गेली आणि नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसला, की नवी वाट शोधता येत नाही. घाटात सकाळी पडलेली दरड तर कोणी कळवल्याशिवाय त्याला कळतच नाही.

याच महामार्गावर चाकण आहे, जिथे बजाजच्या कारखान्यात पल्सर, डोमिनार आणि केटीएमच्या गाड्या तयार होतात. तिथल्या आणि चेन्नई-होसूरच्या अभियंत्यांना एवढेच सांगणे आहे: पडदा द्या, पण दोन स्क्रू काढून बदलता येईल असा द्या. नकाशा कोणत्या अॅपचा हे स्वाराला ठरवू द्या, आणि झूम करायला हातमोज्यातल्या अंगठ्याने दाबता येईल असे एक ठसठशीत बटन हँडलवर ठेवा. आणि अवसरीला येणाऱ्याने गावाच्या नावापुढे खुर्द की बुद्रुक ते टाइप करावे, नाहीतर फाट्यावर थांबून विचारावे.