टिपणीस

महाडच्या चवदार तळ्याच्या इतिहासात एक आडनाव हमखास येते: टिपणीस. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांनी या तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्यांनाही मिळावे म्हणून झालेल्या मार्च १९२७च्या सत्याग्रहात बाबासाहेब आंबेडकरांना खंबीर साथ दिली. तळे सर्वांना खुले करणारा ठराव नगरपालिकेने १९२४मध्येच केला होता. कागदावर.

आणि आडनावही कागदाचेच! ‘टिप्पण’ संस्कृत, ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, तो फारसी. दोघांची गाठ मराठी दफ्तरात पडली. टिपणे ठेवणारा तो टिपणीस. जोडताना मधला ‘न’ आणि ‘व’ बोलणाऱ्यांनी गिळून टाकले. चिटणीस, पारसनीस, जमेनीस, पोतनीस ही सारी याच कुळातली. पारसनीस फारसी पत्रव्यवहार सांभाळी. पोतनीस खजिन्याचा हिशेब लिही. फडणीसांच्या एका पातीने मात्र ‘व’ सोडला नाही, म्हणून आजही फडणवीस आहेत.

हुद्दा गेला, नाव उरले. म्हणून ‘नीस’वाला अमुकच जातीचा, हा अंदाज पुष्कळदा फसतो. चिटणीस कायस्थ प्रभूंत आहेत तसे ब्राह्मणांतही. टिपणीस मात्र बहुतेक कायस्थ प्रभूंतच आढळतात, तेही मुख्यतः कोकण-मुंबईकडचे. पुढे लेखणीशी संबंध उरलाच असे नाही: १९९८ ते २००१ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस.