न्हावा-शेवा ते इमेज रजिस्ट्री : कंटेनर व्यवस्थेतील सार्वजनिक व खासगी सहअस्तित्व

प्रस्तावना

मालवाहतुकीतील पोलादी पेटी आणि तिच्यावरून नाव मिळालेला संगणकीय 'कंटेनर' ही दोन भिन्न क्षेत्रांतील साधने होत. तथापि सार्वजनिक व खासगी व्यवस्था एकत्र कशा वापराव्यात, हा प्रश्न दोन्ही क्षेत्रांत उद्भवला. रायगड किनाऱ्यावरील न्हावा-शेवा बंदराच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बंदरातील सहअस्तित्व

२६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात कंटेनर हाताळणी प्रारंभी केवळ शासकीय विश्वस्त मंडळाकडे होती. १९९७ मध्ये तीस वर्षांच्या कराराने खासगी टर्मिनलास परवानगी मिळाली व १९९९ मध्ये ते कार्यान्वित झाले. प्रमुख बंदरातील हे देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल होय. २००६ मध्ये मर्स्क समूहाच्या सहभागातील 'गेटवे टर्मिनल्स इंडिया'ची भर पडली. एकाच खाडीतून येणाऱ्या जहाजांना शासकीय आणि खासगी असे दोन्ही धक्के उपलब्ध झाले.

या रचनेचे महत्त्व जून २०१७ मध्ये प्रत्ययास आले. 'नॉटपेट्या' या सायबर हल्ल्यात मर्स्कची संगणक यंत्रणा कोलमडली आणि गेटवे टर्मिनलचे काम ठप्प झाले. पेट्या जागेवरच होत्या. कोणती पेटी कोणाची, हे सांगणारी नोंद मात्र हाती नव्हती. बंदरातील इतर टर्मिनलांचे काम सुरू राहिले. त्यांत एक शासकीय होते व बाकीची खासगी. म्हणजेच संरक्षण मिळाले ते मालकीच्या प्रकारामुळे नव्हे, तर यंत्रणा परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळे.

संगणकीय भांडारे

२०१३ मध्ये 'डॉकर' प्रसृत झाल्यावर आज्ञावली व तिला लागणारी सामग्री एकत्र बांधलेल्या 'इमेज'चा वापर वाढला. अशा इमेज जेथे साठवल्या जातात त्या भांडारास रजिस्ट्री म्हणतात. 'डॉकर हब' हे त्यांपैकी सार्वजनिक भांडार. इमेज थरांनी बनते. पायाचा थर बहुधा सार्वजनिक भांडारातून घेतला जातो; त्यावर संस्था आपली आज्ञावली चढवते आणि तयार इमेज खासगी रजिस्ट्रीत ठेवते.

नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबने अनामिक वापरकर्त्यांवर सहा तासांत १०० इमेजची मर्यादा घातली. केवळ सार्वजनिक भांडारावर विसंबलेल्यांची त्यामुळे अडचण झाली. २०१६ मध्ये मुक्तस्रोत झालेल्या 'हार्बर' या खासगी रजिस्ट्रीच्या आज्ञावलीत याच सुमारास एक सोय आली : सार्वजनिक इमेज एकदा आणून तिची प्रत स्वतःकडे राखणे. हार्बर म्हणजे बंदर, हा नामयोग अर्थपूर्ण आहे.

निष्कर्ष

२०२२ मध्ये न्हावा-शेव्याचे शासकीय टर्मिनलही तीस वर्षांसाठी खासगी कंपनीकडे सोपवण्यात आले. आता भूमी सार्वजनिक व हाताळणी खासगी आहे. इमेजच्या थरांशी ही रचना मिळतीजुळती आहे. भेद इतकाच की, हाताळणीतील शासकीय पर्याय उरला नाही. २०१७ चा अनुभव लक्षात घेता, सार्वजनिक व खासगी एकत्र नांदणे पुरेसे नाही. एक बंद पडल्यास दुसऱ्यावर काम चालेल, इतके स्वातंत्र्य आणि नोंदींची स्वतःजवळ प्रत असणे अगत्याचे ठरते.