शके ८२२ : फिलिपिन्सच्या इतिहासातील पहिली मिती

१/ फिलिपिन्सचा लिखित इतिहास कोठून सुरू होतो? दीर्घकाळ याचे उत्तर ठरलेले होते : इ.स. १५२१. त्या वर्षी मॅगेलनची जहाजे या द्वीपसमूहात पोहोचली आणि युरोपीयांनी त्याचे वर्णन लिहून ठेवले. एका लहानशा ताम्रपटाने हे उत्तर खोटे ठरवले.

२/ १९८९ साली लुझोन बेटावरील लगुना प्रांतात, लुंबान नदीच्या मुखाजवळ वाळू उपसताना तांब्याचा एक पत्रा हाती लागला. त्यावर दहा ओळी कोरलेल्या होत्या. पुढे तो मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने घेतला आणि डच अभ्यासक आंतोन पोस्त्मा यांनी त्याचे वाचन केले.

३/ लिपी जावातील प्राचीन कवी लिपी. भाषा मुख्यतः जुनी मलय, तीत संस्कृत शब्दांची भर. प्रारंभ 'स्वस्ति'ने. त्यापुढे मिती : शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार, म्हणजेच २१ एप्रिल ९००. मराठी पंचांग पाहणाऱ्यास ही मिती परकी वाटणार नाही. त्या काळी दख्खनवर राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण राज्य करीत होता आणि तेथील ताम्रपटांवरही शककालच कोरला जात होता.

४/ मात्र या पत्र्यावर ना विजयाची प्रशस्ती आहे, ना भूमिदान. हे आहे ऋणमुक्तिपत्र. नामवरन् नामक गृहस्थाचे १ काती ८ सुवर्ण इतक्या वजनाच्या सोन्याचे ऋण पूर्णतः फिटल्याचे त्यात नमूद आहे. हे पत्र अंगकातान ही स्त्री आणि तिचा आप्त बुका यांना तुंडुनच्या अधिपतीकडून मिळाले. तुंडुन म्हणजे आजच्या मनिलातील तोंदो, असे सामान्यतः मानले जाते.

५/ त्यासाठी तांबे का? सोळाव्या शतकातील स्पॅनिश वृत्तांतांनुसार तागालोग समाजात ऋणापायी माणसे दास्यात जात आणि ते दास्य मुलाबाळांपर्यंत पोहोचे. हे वृत्तांत सहाशेहून अधिक वर्षांनंतरचे असले, तरी ऋणमुक्तीचा पुरावा एखाद्या कुटुंबास किती मोलाचा असेल, याची कल्पना त्यांवरून येते. पुढेमागे कोणी 'ऋण फिटले नाही' असे म्हणेल, ही शंका या लेखातही व्यक्त झाली आहे. नेमके तेथेच वाक्य अर्धवट तुटते.

६/ शककाल आणि संस्कृत दिसताच 'तेथे भारतीयांचे राज्य होते' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हा वारसा मलय-जावाच्या सागरी संपर्कातून तेथे पोहोचला. तेथील लोकांनी तो स्वीकारला आणि स्वतःच्या व्यवहारासाठी वापरला. कालगणना दुरून आलेली. ऋण, साक्षी आणि मुक्ती मात्र त्यांची स्वतःची.

७/ मॅगेलनच्या आगमनापूर्वी ६२१ वर्षे या बेटांवर मिती घालून, साक्षीदारांची नावे नोंदवून कायदेशीर दस्तऐवज केले जात होते. फिलिपिन्सच्या ज्ञात लिखित इतिहासाच्या आरंभी आज कोणी जेता उभा नाही. तेथे उभे आहे ऋणातून सुटलेले एक कुटुंब.